आत्याचा उजवा डोळा

आत्याला उजव्या डोळ्याने दिसत नाही, हे आमच्या घरात प्रथम एका मुंगसामुळे कळले. संध्याकाळी कोंबड्या डालग्याखाली झाकण्याचे काम तिचे असे. एकदा तिने उजवीकडे उभी असलेली तलंग कोंबडी बाहेरच ठेवली आणि मुंगसाने ती नेली. तीन दिवसांनी दुसरी गेली, तीही उजवीकडचीच. अंगणातली पिसे गोळा करताना वहिनीने आत्याकडे पाहिले. त्या रविवारी मी कडावला गेले, तेव्हा तिने मला परसात बोलावून घेतले.

"वन्सं, आत्यांना दिसत नाय वाटतं. मी इचारू कशी? म्हनतील, कोंबडी गेली म्हनून सून डोळं काढते."

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. नवरा गेल्यावर ती कडावला परत आली आणि आमची आई गेल्यावर दादाला व मला तिनेच वाढवले. तिचे वय कोणालाच ठाऊक नव्हते. विचारले तर ती म्हणे, "धर्म बदलला त्या साली माज्या केसांत पांढरं व्हतं, आता तूच कर हिशोब, तू शिकलेली हायस." हा हिशोब मला कधीच नीट करता आला नाही, सरकारी कागदांवर ती दर वेळी साठ वर्षांची असे.

मी रसायनशास्त्राची पदवी घेऊन मोहोपाड्याजवळच्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत नुकतीच लागले होते. आठवड्याची सुट्टी रविवारी मिळे. चौकला एस.टी. बदलायची, कर्जतला दुसरी धरायची आणि दुपारी कडावला उतरायचे, असा तो क्रम होता. पुढे संशोधनाकडे जायचे, हा माझा बेत पक्का होता आणि प्रत्येक गोष्ट मोजून, तपासून, लिहून ठेवण्याची सवय मला तेव्हाच जडली होती. म्हणून आत्याचा प्रश्नही मी तसाच हाती घेतला. तिला उंबऱ्यावर बसवले, तिचा डावा डोळा माझ्या तळहाताने झाकला आणि दोन बोटे समोर धरली.

"किती?"

"दोन."

"आता?"

"दोनच."

आता मी तीन धरली होती. "आत्या, तू अंदाजाने सांगतेस."

"मग? सगळी दोनच दावत्यात. गेल्या साली डोळ्यांच्या शिबिरातला डॉक्टर पन पलीकडच्या म्हातारीला दोनच दावत व्हता."

कर्जतच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी बॅटरीचा प्रकाश टाकून पाहिले आणि सांगितले, "मोतीबिंदू आहे, पण अजून कच्चा आहे. पिकला की आणा." आमच्याकडे डोळ्यातले भिंग पुरते पांढरे झाल्याशिवाय शस्त्रक्रिया करीत नसत. मला हे उत्तर अपुरे वाटले. किती महिने, कोणत्या लक्षणावरून, याचे काही मोजमाप त्यात नव्हते. आत्याला मात्र ते लगेच पटले. परतीच्या गाडीत ती म्हणाली, "खरं हाय. वल्लं भात कापलं तर पदरात काय पडतं? कोंडाच." आणि ती वाट पाहू लागली. भाताची वाट पाहणाऱ्या माणसाला चार महिने ठाऊक असतात. हिला किती वर्षे ते कोणीच सांगितले नव्हते.

आमच्या भागात डोळ्यांचे शिबिर वर्षातून एकदा, थंडीत भरे. पावसात रस्ते नसत आणि उन्हाळ्यात जखम पिकते असा समज होता, त्यामुळे उरलेल्या त्या एका आठवड्यातच तालुक्यातल्या सगळ्या म्हाताऱ्यांना दृष्टी मिळायची असेल तर मिळायची. पहिल्या थंडीत आत्याचा डोळा कच्चाच होता. दुसऱ्या थंडीत तो पिकला, पण शिबिराचा नियम असा की रोग्यासोबत सात दिवस एक माणूस राहिले पाहिजे आणि बाईसोबत बाईच हवी. शस्त्रक्रियेनंतर दोन्ही डोळे बांधून, डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या लावून उताणे निजवत. भरवायला, पुसायला, मान हलू न द्यायला घरचेच कोणी लागे. नेमक्या त्याच आठवड्यात झोडणी आटोपलेली, वाल पेरलेले आणि गवताच्या पेंढ्या बांधायला माणूस कमी. वहिनीच्या मांडीवर तर दोन महिन्यांची मुलगी होती.

"मी जाईन," मी म्हणाले. पण नोकरीत कायम होण्याआधी सलग आठ दिवसांची रजा मिळत नव्हती. मग मी कारखान्याच्या दवाखान्याचा मार्ग तपासून पाहिला. तिथे कामगारांच्या कुटुंबीयांवर उपचार होत. अर्जात 'नाते' असा रकाना होता. मी त्यात 'आत्या' लिहिले. कारकुनाने चष्मा कपाळावर सरकवला.

"बाई, इथे आई चालते, वडील चालतात. लग्न झालं की नवरा, मुलं चालतील. आत्या कुठे बसवू?"

"तिनेच मला वाढवलं आहे."

"ते खरं असेल हो. पण रकाना नाही ना."

तो माणूस वाईट नव्हता. त्याने अर्ज फाडला नाही, घडी करून मला परत दिला.

या सगळ्या काळात शेजारची एक बाई स्वतःच्या डोळ्यांत मध घालीत असे. डोंगरावरून उतरणाऱ्या एका आदिवासी ठाकरणीकडून ती तो घेई. एका रविवारी आमच्या अंगणात चार बायका असताना मी तिला मोतीबिंदूची आकृतीच काढून दाखवली. भिंग आतमध्ये असते, वरून घातलेला थेंब तिथपर्यंत जात नाही, हा अडाणीपणा आहे आणि यात जंतुसंसर्गाचा धोका आहे, असे मी स्पष्ट शब्दांत सांगितले. शास्त्रदृष्ट्या मी बरोबरच होते. ती बाई उठून गेली. आत्या सुपात तांदूळ पाखडीत राहिली.

तिसऱ्या थंडीत सगळे जुळून आले. डोळा पिकलेला होता, मी नोकरीत कायम झाले होते आणि मला रजा मंजूर झाली होती. शिबिर कर्जतच्या एका शाळेत भरणार होते आणि संयोजकांना लघवीची तपासणी करणारे कोणीतरी हवे होते, कारण लघवीत साखर निघाली तर जखम भरत नाही म्हणून अशा रोग्याला घेत नसत. मी ते काम आनंदाने पत्करले. शाळेत बायकांसाठी आडोसा नव्हता. मुतारी होती ती मुलांची, अर्ध्या भिंतीची. म्हणून मीच सुचवले की सकाळची पहिली लघवी प्रत्येकाने घरूनच स्वच्छ बाटलीत आणावी. तशी चिठ्ठीही मीच लिहिली. ती गावोगाव पोचली. वेळ वाचणार होता आणि म्हाताऱ्या बायकांची अब्रूही राहणार होती. योजना मला निर्दोष वाटली.

निवडीच्या दिवशी शाळेच्या व्हरांड्याच्या टोकाला बाकावर मी स्पिरिटचा दिवा, परीक्षानळ्या आणि निळे द्रावण मांडून बसले. बाटल्या माझ्याकडे येत त्या फक्त क्रमांकाची चिठ्ठी लावून. ही पद्धतही माझीच. तपासणाऱ्याला रोगी कोण हे कळू नये. नळीत निळे द्रावण घ्यायचे, आठ थेंब टाकायचे, उकळायचे आणि निवू द्यायचे. निळे राहिले तर साखर नाही. हिरवे, पिवळे, नारिंगी असे चढत गेले तर साखर चढती. विटकरी रंगाचा गाळ बसला तर चार अधिक चिन्हे. बाटल्या नाना तऱ्हेच्या होत्या, औषधांच्या, तेलाच्या, दारूच्या, आणि मी एकीकडेही विशेष पाहिले नाही. मी रंग पाहत होते. दुपारपर्यंत सहा क्रमांकांपुढे मी चार अधिक चिन्हे केली.

दुपारी दादा आत्याचा हात धरून वर्गातून बाहेर आला. तिच्या कपाळावर चिकटपट्टी नव्हती. ज्यांना निवडले त्यांच्या कपाळावर डोळ्याची बाजू लिहून पट्टी लावीत असत.

"नापास झाले गं मी," आत्या हसत म्हणाली. "शाळेत कधी गेले नाय, आन् आज गेले ती नापास व्हायला."

"काय म्हणाले?"

"साखर," दादा म्हणाला. "लई साखर हाय म्हनं. पुढल्या साली या."

मी वही उघडली. तिचा क्रमांक माझ्याच अक्षरात होता.

आज हे लिहिताना मला जे सर्वांत जड जाते ते असे, की त्या क्षणी मला दुःखाबरोबर एक प्रकारचे समाधानही वाटले. आत्या वाळत चालली होती, तिला तहान फार लागे. या सगळ्याला आता एक कारण मिळाले होते. मी दादाला तिथेच पथ्य समजावून सांगितले. गूळ बंद, चहात साखर बंद, भात बंद, फक्त नाचणीची भाकरी आणि पालेभाजी. मी ते कागदावर उतरवून वहिनीला दिले आणि तो कागद तिने चुलीमागच्या भिंतीला चिकटवला. भाताच्या गावात म्हातारीचा भात आम्ही बंद केला. पुढल्या प्रत्येक रविवारी मी गेले की पहिला प्रश्न पथ्याचा असे.

"खाते बाय, खाते," आत्या म्हणे. "भाकरी खाते, पाला खाते. तुमच्या गाईचं पन हेच पथ्य हाय, तिला कवा साखर झाली?"

शिमगा होऊन गेल्यावर एका रविवारी मी पोचले, तेव्हा ती भिंतीकडे तोंड करून निजली होती. उजवा डोळा लालभडक झाला होता, पापणी सुजली होती, आणि त्या बाजूचे डोके फुटते आहे असे ती म्हणत होती. उलट्या होत होत्या. वहिनीने पित्त समजून कोकमाचे पाणी दिले होते. असे पाच दिवस चालले होते. मला कळवायचे कसे, हा प्रश्न होताच. रविवारी मी येणारच आहे, असे धरून सगळे थांबले होते.

मुंबईच्या मोठ्या इस्पितळात तरुण डॉक्टरीणबाईंनी तिला तपासले. मोतीबिंदू जास्त पिकून फुगला होता आणि त्यामुळे डोळ्यातला दाब वाढला होता. दुखणे कमी करता येईल. दृष्टी परत येणार नाही. "इतके दिवस का थांबलात? थंडीत काढला असता तर हे झालंच नसतं," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, फक्त दमणूक होती. त्यांच्यामागे रांग लागलेली होती.

"साखरेमुळे घेतलं नाही," मी म्हणाले.

त्यांनी आत्याचे रक्त आणि लघवी तपासायला पाठवली. दुसऱ्या दिवशी कागद हातात घेऊन त्या आल्या. "साखर कुणी सांगितली तुम्हाला? काही नाही इथे."

"चार महिने कडक पथ्य केलं आहे."

"चार अधिक असलेली साखर नुसत्या नाचणीने अशी साफ जात नाही. तपासणीतच काहीतरी चुकलं असेल."

मी त्यांना सांगितले नाही की तपासणी मी केली होती. परतीच्या प्रवासात मी द्रावण, दिवा, थेंबांची संख्या, नळ्यांची धुलाई, सगळे एकेक करून मनात तपासले. माझ्या बाजूला चूक सापडेना. मग उरली ती बाटली.

घरी पोचल्यावर मी वहिनीला विचारले, "शिबिराला आत्याची लघवी कोणत्या बाटलीत दिली होतीस?"

वहिनीने आधी आत्याच्या खाटेकडे पाहिले. "ठाकरनीच्या."

"ठाकरणीच्या म्हणजे?"

"मधाच्या. वन्सं, तुमाला सांगायचं नाय म्हनत व्हत्या. रोज निजताना डोळ्यात घालायच्या थेंब. तुमी येनार म्हटलं की बाटली तांदळाच्या कनगीत."

"मग ती बाटली धुतलीस ना?"

"मधाला काय घान असते?" वहिनी खरोखरच चकित झाली. "उरलेला मध वाटीत काढला, काडीला फडकं गुंडाळून आतनं पुसली. घरात तीच एक चांगली बाटली, बुचाची. बाकीच्या सगळ्या घासलेटाच्या. डॉक्टरकडं घासलेटाची द्यायची का? तुमीच चिठ्ठीत लिवलं व्हतं, स्वच्छ पायजे."

मध नासत नाही, मध विटाळत नाही, मध देवघरातही चालतो आणि औषधातही. आमच्याकडे मधाचे भांडे धुणे म्हणजे मध फुकट घालवणे. हे मला लहानपणापासून ठाऊक होते. प्रयोगशाळेत पहिल्या दिवशी शिकवतात की नळी आधी धुवावी, नंतरच तिच्यावर विश्वास ठेवावा. तेही मला ठाऊक होते. या दोन्ही गोष्टी एकाच डोक्यात होत्या आणि त्यांची कधी गाठ पडली नव्हती.

बाटली अजून होती. मी ती मोहोपाड्याला नेली, तिच्यात चमचाभर पाणी घालून हलवले आणि त्यातले आठ थेंब निळ्या द्रावणात टाकले. उकळी येण्याआधीच नळी विटकरी झाली.

पुढच्या रविवारी मी आत्याला सगळे सांगितले. ती खाटेवर बसून ऐकत होती, आणि मी तिच्या डाव्या बाजूला बसले होते, कारण आता तीच एक बाजू उरली होती.

"म्हंजे साखर माज्यात नवती?"

"नव्हती."

"बाटलीत व्हती."

"हो."

मला वाटले, आता ती डोळ्याबद्दल बोलेल. "मंग चार महिनं मला गूळ का नाय दिला?" ती म्हणाली. "सकाळी नुसत्या कोऱ्या पाण्यासारखा चहा पीत व्हते मी. आन् समोर तुजा दादा भात खातोय."

मी उलट विचारले, आणि विचारायला नको होते, "मधाचं मला का सांगितलं नाहीस?"

"तू त्या शेजारणीला काय म्हनली व्हतीस? अडानी. चार बायांत. ती आजून आपल्या दारात येत नाय. मला पन तूच शिकवनार व्हतीस का चार बायांत?"

मी शिबिराच्या डॉक्टरांनाही पत्र लिहून चूक कळवली. त्यांचे उत्तर आले. त्यात दोष दिलेला नव्हता. एकच प्रश्न होता: असे आणखी किती परत गेले असतील? माझ्या वहीत आणखी पाच क्रमांक होते. संयोजकांकडून नावे घेऊन मी सुट्टीच्या दिवशी त्यांच्या शोधात निघाले. एका बाईला खरोखरच साखर होती. कळंबच्या एका म्हाताऱ्याने खोकल्याच्या गोड औषधाची बाटली वापरली होती. त्याला मी पुन्हा तपासले तेव्हा निळा रंग निळाच राहिला. तो म्हणाला, "आता कशाला? आमी ठरवलं, साखरंनंच मरायचं, तर डोळं कशाला?" एक जण वारला होता. दोन घरी मला कोणी बसा म्हणाले नाही. पाच रविवार त्यात गेले.

आत्याच्या डाव्या डोळ्यातही आता मोतीबिंदू धरला होता. पुढच्या थंडीत तो काढता येईल असे इस्पितळाने सांगितले होते आणि तो काढणे आवश्यक होते, कारण तो शेवटचा होता. पण आत्या नाही म्हणाली.

"थोडं दिसतंय. दाराचा उजेड दिसतो, चूल दिसते, तुजी सावली दिसते. हे पन गेलं तर?"

"जाणार नाही, आत्या. शंभरात एखाद्याचा..."

"माजा एक गेलाय ना? मंग तो एखादा मीच."

या तर्कात मला दोष दाखवता आला असता. सगळा पावसाळा मी तो दाखवीत राहिले. दादा म्हणे, "तू बोलायला लागलीस की ती आनखी हट्टाला पेटते." आत्याच्या पुढ्यात वहिनीच ताट ठेवी, तीच हाताला धरून परसात नेई. आणि तिला नको म्हणायचा, थकायचा अधिकार कोणी दिलेला नव्हता.

शेवटी जे घडले ते माझ्या बोलण्याने घडले नाही. भातकापणीच्या दिवसांत एका सकाळी आत्याने पेजेचे पातेले चुलीवरून उतरवून खाली ठेवले, ते नेमके माझ्या भाचीच्या पायाशी. मुलगी तेव्हा दोन वर्षांची होती, घरभर दुडुदुडू धावे. तिला काही झाले नाही, वहिनीने तिला मागून उचलून घेतले. पण त्या दिवसापासून वहिनी शेतावर जाताना मुलीला पाठीशी बांधून नेऊ लागली. आधी ती तिला आत्याच्या मांडीवर ठेवून जात असे.

त्या आठवड्यात मी गेले, तेव्हा आत्याने मला दारातच गाठले. "ती पोर ठेवीत नाय माज्यापाशी."

"कापणीची गडबड आहे म्हणून असेल."

"खोटं नको बोलू. ती बरोबर करते. मी तिच्या जागी असते तर मी पन नसती ठेवली." मग थोडे थांबून, "कवा हाय ते शिबिर?"

मी तारीख सांगितली. आत्याने अट घातली, "मी येते. पन तपासायला तू बसायचं नाय. दुसरं कुनी पन बसव. तू माज्यापाशी बस."

मी मान्य केले. त्याच आठवड्यात मला एका संशोधन संस्थेत मुलाखतीला बोलावले होते. तारीख बदलून मिळावी म्हणून मी पत्र पाठवले. उत्तर आले नाही. पुढच्या वर्षी मी पुन्हा अर्ज केला, तो वेगळा विषय. शिबिराआधी संयोजकांना सांगून मी शाळेमागे कुडाच्या तट्ट्या उभ्या करवल्या, आत पाण्याचे पिंप ठेववले आणि बाटल्या घरून आणण्याची चिठ्ठी रद्द करवली. हे काम अर्ध्या दिवसाचे होते. ते आदल्या वर्षीही अर्ध्या दिवसाचेच होते.

सात दिवस मी वर्गाच्या फरशीवर आत्याच्या शेजारी राहिले. तिचे दोन्ही डोळे बांधलेले होते. मी तिला पातळ भात भरवला, चमच्याने पाणी पाजले, वाळूच्या पिशव्या सरळ केल्या. पलीकडच्या गादीवरची मोठ्या खोकल्याची म्हातारी खोकू नये म्हणून धडपडत होती आणि तिची सून तिला दर वेळी दटावीत होती, "सासूबाय, गिळा, गिळा तो खोकला." तिसऱ्या दिवशी आत्याने विचारले, "मी मेले तर डोळा बांधूनच न्याल का?" मी म्हणाले, "मरणार नाहीस." ती म्हणाली, "तसं नाय. इचारते. म्हाईत असलेलं बरं." मला याचे उत्तर ठाऊक नव्हते, म्हणून मी तसेच सांगितले: मला माहीत नाही. ती "बरं" म्हणाली. त्या सात दिवसांत तिने माझे ऐकून घेतलेले ते पहिले वाक्य असावे.

पट्टी निघाली तेव्हा डॉक्टरांनी बोटे धरली. आत्याने डोके मागे नेले, पुढे आणले आणि म्हणाली, "चार. आन् आंगठा आत दुमडलाय." डॉक्टर हसले. मी वर्गाबाहेर येऊन नळावर तोंड धुतले.

महिनाभराने जाड भिंगांचा चष्मा आला. त्या चष्म्यातून जग मोठे आणि जवळ दिसते, आणि एकाच डोळ्याला अंतर कळत नाही. आत्या आता तांदळातले खडे वेचते, कोंबड्या मोजून झाकते, येणाऱ्या माणसाला वेशीपासून ओळखते. पण चहा ओतताना तिची धार कपाच्या एक बोट अलीकडे पडते. गेल्या रविवारी मी पुढे होऊन किटली धरू लागले, तर ती म्हणाली, "ऱ्हाऊ दे. मी वतते." तिने किटलीची चोच कपाच्या काठाला टेकवली आणि मग ओतला. निम्मा बशीत गेला. मी बशीतला प्याले.

वहिनी मुलीला पुन्हा तिच्याजवळ देते. मात्र चूल पेटलेली असेल तर देण्याआधी ती स्वतः चूल आणि आत्या यांच्यामध्ये येऊन बसते, आणि विळीवर भाजी चिरायला घेते. आत्याला हे दिसते. ती मुलीला मांडीवर घेते आणि चुलीकडे पाठ करून बसते.